मजकूर वाचून दाखवला

४ फेब्रुवारी, मंगळवार

 लिहून ठेवते, कारण हे बोलायला कोणी नाही.

दुपारी शिंपीभाऊजी आले. त्यांची बायको, आमची धाकटी, वारल्यापासून कुठलंही पत्र आलं की माझ्याकडेच आणतात. त्यांना आता चष्म्यानेही अक्षर लागत नाही. धाकटी काही माझी सख्खी बहीण नव्हे. रुग्णालयाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं आम्ही एकाच चादरीची दोन टोकं धरली, एवढंच नातं. तिच्यामागे तिचं निम्मं निवृत्तिवेतन भाऊजींना मिळायला हवं. कार्यालयाने नाकारलंय. का, तर तिने नोकरीत असतानाच हा हक्क लिहून सोडला होता. सोबत त्या जुन्या कागदाची प्रत. अडतीस जणींच्या सह्या आणि अंगठे. शेवटी एक ओळ — 'मजकूर सर्वांना वाचून दाखवला व समजावून सांगितला.' त्याखाली माझी सही.

ती ओळ मी भाऊजींना वाचून दाखवली नाही.

"काय म्हणतात, ताई?"

"बघू म्हणतात."

"मग चांगलंच की," म्हणाले, आणि पत्राची नीट घडी करून खिशात ठेवली.

५ फेब्रुवारी

भाकरी तशीच झाकून ठेवली. दारावर पोस्टमन आला, तर दारच उघडलं नाही.

६ फेब्रुवारी

आठवतं सगळं. न आठवायला काय झालं! एकोणीस वर्षांपूर्वी हेडक्लार्क स्वतः धुलाईघरात उतरले होते. यंत्रं चालू, वाफ इतकी की समोरचा माणूस दिसेना. "मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच वाचून दाखवा यांना." सातवीपर्यंत शिकले म्हणून मी मास्तरीण! चार पानं होती. पहिल्या दोन ओळींतच अडले. एकेक शब्द हातभर लांब, अर्थ कशाचाच लागेना. सगळ्याजणी तोंडाकडे बघतायत. 'मला कळत नाही' एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली. पान उलटल्यासारखं केलं आणि म्हटलं, "ठीक आहे गं, पगारवाढीचं आहे. करा सह्या."

धाकटीने सर्वांत आधी केली.

९ फेब्रुवारी, रविवार

भोंगा आला होता. आमच्या निवृत्तांच्या संघटनेचा अध्यक्ष. पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा आणि अजूनही तसाच ओरडून बोलतो, म्हणून भोंगा. आज मात्र खुर्चीच्या टोकावर बसून हळू बोलला. अठराला त्या कागदावर सुनावणी आहे, माझी साक्ष मागितलीय. "ही सही तुमची. वाचून दाखवलं होतं का?"

मी उठून चहा त्याच्यापुढे ठेवला.

"हो म्हणालात, तर अडतीस घरं बुडाली. नाही म्हणालात, तर खोटी सही केली असं होईल. चौकशी लागेल, तुमचंच निवृत्तिवेतन अडकेल. मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

चहा तसाच ठेवून गेला.

११ फेब्रुवारी

लेकीला फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "आई, आजारी आहेस म्हणून कळव. त्या वेतनाशिवाय तुझं घरभाडं, औषधं? मी कुठे पुरी पडू?" रडत होती. तिचं चुकत नाही.

आजारी म्हणून कळवायचं पत्र लिहून ठेवलं. अक्षर छान आलं.

१३ फेब्रुवारी

भाऊजींनी माझ्या कोटाचं अस्तर शिवून आणलं. त्यांच्या हाताचे टाके आता वाकडे पडतात. म्हणाले, "ही म्हणायची, ताईने सांगितलं म्हणजे छापून आलं."

ते गेल्यावर पत्र फाडलं.

१७ फेब्रुवारी

उद्या. देवा, तिथे आवाज तरी फुटू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लांब टेबल, तीन अधिकारी, पाण्याचा जग. मागे बाकांवर आमच्या बायका. भाऊजी दुसऱ्या रांगेत. मी मागे वळून पाहिलंच नाही.

"सही तुमची?"

"हो."

"मजकूर वाचून दाखवलात?"

 मधल्या बाईंनी पाणी पुढे केलं. प्यायले, अर्धं अंगावर सांडलं.

"नाही," म्हटलं. "वाचता आला नाही. कळलं नाही आणि सांगायची लाज वाटली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी सह्या केल्या."

"म्हणजे तुम्ही खोटं प्रमाणित केलंत. परिणाम माहीत आहेत?"

"माहीत आहेत."

मागे कोणीतरी हुंदका दिला. कोणी ते कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात भाऊजी उभे होते. "तिला माहीत होतं, तुम्ही वाचलं नाही ते?" "नाही." त्यांनी मान हलवली, जिना उतरून गेले. एकदाही ताई म्हणाले नाहीत.

२६ फेब्रुवारी

नोटीस आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत माझं निवृत्तिवेतन थांबवलंय. तीनदा वाचली. या वेळी शब्दन्‌शब्द कळला.

९ मार्च

भाऊजी फिरकले नाहीत. रस्त्यात दिसले, पलीकडच्या कडेने गेले. मीही हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारू? घरमालकाला मी महिनाभर थांबा म्हणाले. लेक रोज फोन करते, चौकशीचं विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल लागला. तो कागद रद्द. फक्त आमचा नाही, खात्याच्या चौदाही रुग्णालयांतला. त्याच वर्षी तोच कागद सगळीकडे फिरला होता, प्रत्येकावर शेवटी तीच ओळ आणि एका कामगाराची सही. माझी साक्ष ऐकून तशीच सही केलेले बाकीचे तेरा जण पुढे आले. भोंगा सांगत होता — त्यांतल्या चौघांना वाचताच येत नाही.