चिंचेने घासलेला वॉम्बॅट

रायस्वाइक, नेदरलँड्स
जून २०२०, रविवार दुपार

प्रिय शोभाताई,

साष्टांग नमस्कार घालण्याएवढी जमीन या घरात मोकळी नाही (एका टोकाला प्रसन्नचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला सूनबाईंचं, मधल्या पट्टीत मी), तेव्हा उभ्यानेच आणि इथल्या सरकारच्या हुकमाप्रमाणे दीड मीटरवरून केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? मिरजेत भाजी दारावर येते की अजून गच्चीवरून दोरीने टोपली सोडता? आम्ही तिघं ठणठणीत आहोत. तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आलो आणि विमानंच बंद पडली, हे तुला ठाऊक आहेच. इथल्या सरकारने माझा व्हिसा आपण होऊन वाढवला. उभ्या आयुष्यात एखाद्या सरकारने मला ‘थांबा’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आजवर सगळी ‘खाली बसा’च म्हणत आली.

पत्र लिहायला कारण एका प्राण्याचं आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडं लांबून जावं लागेल. आधी आमच्या घरची घटना सांगतो. टाळेबंदी लागल्यावर उत्तराने (सूनबाई म्हणून नव्हे, मुख्य सचिव म्हणून) घरकामाची वाटणी केली. चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून सांगत आलो, की ज्या घरात पुरुष भांडं घासत नाही त्या घराला समतेवर बोलायचा अधिकार नाही. दुर्दैवाने यातलं एक भाषण यूट्यूबवर आहे आणि उत्तराने ते ऐकलं आहे. तिने माझ्यापुढे पाणी साठवायचा तांब्याचा हंडा, देवघरातलं ताम्हन, पळी, पंचपात्र असं सगळं मांडलं आणि शेजारी चिंच नि मीठ ठेवलं. ताई, मी देव मानत नाही. पण ताम्हन घासायला श्रद्धा लागत नाही, चिंच लागते. तो काळपट, मरगळलेला तांबडा रंग बोटाखाली एकदम गुलाबी होऊन हसतो, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं! एवढं सुख तुम्ही बायकांनी आमच्यापासून लपवून का ठेवलंत, असं मी उत्तराला विचारलं. तिने कढईही पुढे सरकवली.

नव्याने दीक्षा घेतलेला माणूस फार धोकादायक असतो. मी घरातलं तांबं संपवून पितळेवर आलो, पितळ संपल्यावर दरवाजाच्या मुठींवर. हेगमधल्या सुरिनामी दुकानातून प्रसन्न चिंच आणायचा, तिचा खप बघून दुकानदाराने म्हणे आमचं उपाहारगृह आहे का विचारलं.

आता बेव्हबाई. आमच्या बरोबर खालच्या घरात त्या राहतात. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, इथल्या माणसाशी लग्न करून आल्या, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. साठी उलटलेली, हात कोपरापर्यंत शाईने माखलेले, बोलणं कमी आणि तिरकस. दामोदर हे नाव पहिल्याच दिवशी ‘डॅमो’ झालं (त्यांच्या देशात म्हणे नाव पूर्ण उच्चारलं तर माणसाला वाटतं आपल्यावर खटला भरला आहे). धंदा चित्रं छापण्याचा. दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी उसाच्या चरकासारखं एक लोखंडी यंत्र, मोठं चाक असलेलं. त्यातून रस निघत नाही, काकाकुवा निघतो. खिडकीत त्यांची रंगीत चित्रं टांगलेली असतात. पिसाचा तुरा उभारलेला काकाकुवा, खो खो हसणारा खंड्याचा कुणी थोरला भाऊ, साळिंदराला मुंगसाचं तोंड लावावं तसा एक काटेरी जीव, सोलल्यासारखी सालं लोंबणारी झाडं. मी रोज फिरून येताना खिडकीशी थांबायचो. मला कुतूहल हा जुना रोग आहे.

प्रत्येक चित्राखाली बारीक पेन्सिलीने ७/३०, ११/३० असं लिहिलेलं होतं. ताई, मी जन्मभराचा मास्तर. माझा संताप संताप झाला. एवढ्या सुंदर काकाकुव्याला तीसपैकी सात? मी बेल वाजवली, दीड मीटर मागे सरलो आणि परीक्षक कोण आहे, मला त्याच्याशी बोलायचं आहे, असं सुनावलं. कलेचं मूल्यमापन करणाऱ्या नोकरशाहीवर मग थोडं (उत्तराच्या मते बरंच) बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तीस प्रती काढल्यात, ही सातवी. पण तुमच्यासारखा वकील मला शाळेत असताना हवा होता.” अशी आमची ओळख झाली.

मग रोज संध्याकाळी त्यांच्या उघड्या दारात मी खुर्ची टाकून बसू लागलो आणि त्या आत काम करू लागल्या. वादही झाले. कलेबद्दलचं माझं मत तुला पाठ आहे: जी कला माणसाच्या दुःखाबद्दल बोलत नाही ती भिंतीवरचं डाग झाकणारं कापड. बाहेर जगात साथ पसरली आहे आणि तुम्ही काकाकुवे काढता, असं मी त्यांना स्पष्ट विचारलं. “काकाकुव्याला साथीचं कुणी कळवलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “म्हणून तर त्याच्याकडे बघवतं.” (यावरचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं, पण तोपर्यंत त्या कांगारूवर गेल्या होत्या.)

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. रंग तीन तर पत्रे तीन. एकाच ओल्या कागदावर एकेक पत्रा शाई लावून दाबायचा, की रंगांवर रंग चढून प्राणी जिवंत होतो. भिंतीवर टांगलेले जुने पत्रे मी पाहत होतो. पत्र्यावर चित्र उमटतं कसं, हे सांगायला बाईंनी निदान तीनदा सुरुवात केली. पण तांबं म्हटल्यावर मला ताम्रपट आठवले. राजांनी तांब्यावर कोरून दिलेली दानपत्रं, जमिनी, मुळातली लबाडी, खोटे ताम्रपट तयार करणाऱ्यांची कारागिरी... विषय मोठा होता आणि बाई सभ्य होत्या. त्यांचं सांगणं दर वेळी ‘आधी त्यावर मेण...’ इथपर्यंतच आलं.

मे महिन्यात त्यांची मुलगी युट्रेख्टला सायकलवरून पडली आणि पाय मोडून बसली. बाई तिच्याकडे गेल्या आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. परक्या मुलखात कुणी आपल्या हाती घराची किल्ली ठेवावी, यात मला काय वाटलं ते लिहीत नाही, तू डोळे पुसत बसशील.

एके सकाळी पाणी घालताना खिडकीजवळच्या टेबलावर मला एक पत्रा दिसला. काळाकुट्ट. डांबर फासल्यासारखा, वर धुरकटलेला, आणि त्यावर असंख्य बारीक ओरखडे. बिचारी बाई, मुलीच्या काळजीत पत्र्याकडे बघायलाही सवड नाही! आता पुढचं तू ओळखलं असशीलच. मी वर गेलो आणि चिंच, मीठ, काथ्या, गरम पाणी सगळं खाली नेलं. काळं सहजी सुटेना, तेव्हा चपलेला लागलेलं डांबर आई तेलाने काढायची ते आठवलं (माझं वाचन अफाट असलं तरी अशा वेळी आईच उपयोगी पडते) आणि खोबरेल चोळून पुन्हा चिंच-मिठाने घासलं. तासाभरात पत्रा असा झळकला की त्यात मला माझी मिशी वेगवेगळे केस मोजता येतील इतकी स्वच्छ दिसत होती. तो उन्हात तिरका उभा केला, फोटो काढला आणि बेव्हबाईंना पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘आपल्यासाठी लहानशी भेट.’

उत्तर आलं नाही. मी समजलो, बाई भारावल्या. दुपारच्या गाडीने त्या स्वतःच आल्या तेव्हा तर माझी खात्रीच पटली आणि ‘यात आभार कसले’ या आशयाचं एक छोटेखानी भाषण जुळवत मी खाली गेलो. बाई पत्र्यासमोर उभ्या होत्या. अंगात कोट तसाच. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डॅमो, वॉम्बॅट कुठे आहे?”

मी टेबलाखाली वाकून बघितलं.

खरंच बघितलं, ताई. मला वाटलं, पाळलेला काही प्राणी असेल, किल्ली देताना सांगायचा राहिला असेल. मी सोफ्याच्या मागे (म्हणजे यंत्राच्या मागे) सुद्धा पाहिलं आणि शेवटी दार मी नीट लावलं होतं अशी ग्वाही दिली. तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि जे तीनदा सांगायचं राहिलं होतं ते चौथ्यांदा सांगितलं. या वेळी मी मध्ये बोललो नाही. पत्र्यावर आधी मेणाचा काळा थर देतात. मग सुईने त्यावर चित्र ओरखडतात, म्हणजे तेवढ्याच रेघांतून तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात बुडवला की तेजाब फक्त त्या रेघा खातं आणि मग त्या रेघांत शाई राहते. हा पत्रा अजून तेजाबात जायचा होता. म्हणजे चित्र होतं ते फक्त मेणात. पिवळ्या आणि तांबड्या रंगाचे पत्रे कधीच तयार झाले होते. त्यांच्यावर होतं गवत आणि सूर्यास्त. वॉम्बॅट सगळा या तिसऱ्यावर होता, केसन् केस, आणि डोळा.

वॉम्बॅट म्हणजे काय, हे मी नंतर वाचून काढलं. घुशीने अस्वलाच्या घरी दत्तक जावं तसा एक गोलमटोल, बिळात राहणारा प्राणी. (त्याच्या लेंड्या चौकोनी असतात. फाशांसारख्या! हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. दोन दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.) पण हा वॉम्बॅट कुठलाही नव्हता. बाईंची थोरली बहीण तिकडे खेड्यात एकटी राहते, तिच्या ओसरीखाली त्याचं बीळ आहे. तिला ऑगस्टमध्ये ऐंशी वर्षं पूर्ण होतात आणि बाई त्यासाठी जाणार होत्या. आता त्यांच्या देशाने दारं लावून घेतली. तेव्हा निदान हे चित्र तरी जावं, तेही या महिन्याअखेर टपालात पडलं तरच, कारण विमानं कमी आणि टपाल बैलगाडीने. एवढं सांगून त्यांनी मला जायला सांगितलं. किल्ली मागितली नाही. मीच टेबलावर ठेवली.

दोन दिवस मी जेवलो नाही म्हणजे पोळी एकच खाल्ली. तिसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. ताई, मी हजारांच्या सभा गाजवल्या आहेत, पण माफी हा प्रकार माझ्या संग्रहात नाही. सुरुवात बरी झाली; नंतर मला मानवी प्रमादांचा इतिहास आठवला, मग जळालेली ग्रंथालयं आठवली, मग आवाज चढला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचं कानांवर आलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही माफी मागताय की निवडणुकीला उभे राहताय?”

मी खाली बसलो. मग त्याच म्हणाल्या, की पत्रा पुन्हा मेणवला आहे (तुम्ही घासून तेलकटपणा इतका काढलात की मेण कधी नव्हे इतकं छान बसलं, हे त्या कबूल करतात, पण कौतुक म्हणून नव्हे). चित्राचा आराखडा आहे. पण तीच रेघ पुन्हा काढायला हात उठत नाही, घरात शांतता फार आहे. “तुम्ही दारात बसून बोला. इंग्रजीत नको, इंग्रजीत तुम्ही माझ्याशी भांडता. तुमच्या भाषेत बोला. आमच्याकडे सकाळी मॅगपाय पक्षी बोलतात, ते मला कुठे समजतात?”

तेव्हापासून रोज दुपारी मी दारात बसून मराठीत व्याख्यान देतो आणि बेव्हबाई सुईने वॉम्बॅट काढतात. श्रोता एकच, पण उठून जात नाही. सामाजिक न्याय झाला, शिक्षणाचं बाजारीकरण झालं, भाषिक प्रांतरचना काल संपली. वाणीने मन वळवता येतं हे मी जन्मभर सांगत आलो. वाणीने वॉम्बॅटही घडवता येतो, हे आता अनुभवाने सांगतो. आजवर कमावलेल्या शब्दांचं याहून मोठं चीज कोणतं?

घरी सर्वांना यथायोग्य सांग. उत्तरा या पत्राचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस, फोनला दोष देऊ नकोस.

तुझा,
दामू

ता. क. चिंच-मिठाच्या घासणीत तू थोडं पीठ घालायचीस असं उत्तराला अंधुक आठवतं. कोणतं? सहज विचारतोय. सध्या मला या घरात तांब्याला हात लावायची बंदी आहे.

ता. क. दुसरा. उत्तराने पत्र वाचलं आणि ‘बाबा, खरं काय ते लिहा’ म्हणून परत दिलं. तर खरं असं. माझ्या व्याख्यानांच्या आठवड्यात वॉम्बॅटचे केस उभे राहिले. बाईंनी भिंगातून दाखवलं: एकेक केस ताठ, जणू समोर कुत्रा आलाय. शिक्षणाच्या बाजारीकरणाला तर अंगावर काटेच आले. गुरुवारी मी बोलत असताना तुझा फोन आला आणि गोळ्या वेळेवर न घेण्यावरून तू मला अर्धा तास झापलंस, आठवतं? फोन स्पीकरवर होता. मी नुसतं ‘हो ताई’, ‘नाही ताई’ म्हणत होतो. फोन ठेवल्यावर बाईंनी पत्रा वळवला. तेवढ्या वेळात काढलेली अख्खी कूस मऊ झाली होती, ओसरीखाली निवांत झोपलेल्याची असते तशी. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “ही उद्या कधी बोलेल?”

तेव्हा विनंती अशी, की रोज तुमच्या संध्याकाळी साडेसहाला फोन करून मला रागवावंस. तुझी मालिका बुडेल हे मला कळतं, पण महिनाअखेर जवळ आली आहे आणि पाठ, मान, दोन्ही कान बाकी आहेत. विषय मी सुचवत नाही. हवं तर माझं लग्न जुळत होतं तिथून सुरू कर.

डोळा शेवटी काढायचा आहे. त्या दिवशी मात्र रागावू नकोस. बाईंचं म्हणणं, डोळ्याच्या वेळी बहिणीने फक्त ‘जेवलास का?’ एवढंच विचारावं आणि मग दोघांनी थोडा वेळ गप्प राहावं. मी राहीन.