दादाचा फोटो व इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, धंद्याने फोटोग्राफर, लग्न न केलेली, राहणार तिसरा मजला, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि हे कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून लिहीत नाही. दमले आहे खरी. पण दमणं म्हणजे भ्रमिष्ट होणं नव्हे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे; तो दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच उदार झाले होते.

१. राहती जागा माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्यावी. बाप आणि आत्या यांच्या अबोल्यात तिची इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली, तरी तिने एकाचं दुसऱ्याला कधी लावलं नाही. मोरीतला नळ गळतो. प्लंबरला बोलावू नये. तो येऊन गेला की जास्त गळतो.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच. दवाखान्याचं भागवून फारसं उरणार नाही, तेव्हा त्यावर कोणी डोकं फोडून घेऊ नये.

३. मोठा लाकडी कॅमेरा, स्टँड आणि काळं कापड कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या बाईंना. कापड फाटलं की त्या मला न विचारता शिवून टाकायच्या. कामाबरोबर त्यांनी मला ऐकवलंही पुष्कळ. त्यातलं निम्मं खरं होतं.

४. 'दाराबाहेर' या मालिकेतले फोटो मी लोकांच्या खोल्यांत जाऊन काढले. काढले म्हणजे त्यांनीच काढले. मी कॅमेरा लावायचे, लांब नळीच्या टोकाचा रबरी फुगा त्यांच्या हातात द्यायचे आणि दार ओढून बाहेर जिन्यात बसायचे. फुगा दाबला की खटका पडून फोटो निघतो. फिल्म एकच, म्हणजे फोटोही एकच. फुगा मनाला येईल तेव्हा दाबायचा, आणि हाक येईपर्यंत मी आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. समोर कोणी नसलं की माणसाचा चेहरा जागेवर येतो, एवढंच त्यातलं गुपित. प्रदर्शनवाल्याने मात्र भिंतीवर लिहून लावलं, 'आधुनिक एकाकीपणाचा शोध'. शोध कसला डोंबलाचा. जिन्याची फरशी गार असते आणि कंबर धरते, एवढाच शोध मला लागला.

फुगा ज्याने दाबला, फोटो त्याचा. प्रत्येक निगेटिव्ह ज्याची त्याला परत करावी. प्रदर्शनवाल्याला यातलं काहीही देऊ नये. तो गोड बोलेल. भाचीने ऐकून घ्यावं आणि दार लावावं.

५. दादाची निगेटिव्ह दादाला. दादा माझा थोरला भाऊ, टेलर आहे. वहिनी गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दुकान उघडायचा, मापं घ्यायचा, गिऱ्हाइकांची थट्टा करायचा. मीच मागे लागले, एकदा बस म्हणून. बसला. मी बाहेर गेले आणि थोड्या वेळाने त्याच्या रडण्याचा आवाज आला. कढ ओसरल्यावर त्याने हाक मारली. मी आत गेले आणि आम्ही चहा घेतला.

हे मी एकदा विश्वासाने प्रदर्शनवाल्याजवळ बोलले. त्या दीडशहाण्याने फोटो न बघताच दादाला फोन केला, की तुमचा रडतानाचा फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घ्यायचाय, परवानगी द्या. दादा हातातलं कापड तसंच टाकून माझ्या दारात आला. "माझं रडणं विकायला काढलंस?" एवढंच म्हणाला आणि उत्तराला थांबला नाही. तेव्हापासून अबोला. भाचीबरोबर निरोप येतो, फाडून टाक. मी फोटो पाठवला की पाकीट न उघडता परत. समजावून सांगण्याचा मला आता कंटाळा आला आहे. पण मृत्युपत्र तरी माणूस शेवटपर्यंत वाचतो, म्हणून इथे लिहिते.

दादा, त्या फोटोत तू रडत नाहीस. जिन्यात मी खटका आधी ऐकला, रडणं मागाहून. फोटोत तू मशीनपाशी बसला आहेस, गळ्यात टेप, आणि मी ज्या दारातून बाहेर गेले त्या दाराकडे बघतो आहेस. तोंड थोडं उघडं आहे. मला 'चिमे' म्हणून हाक मारतोस ना, तेव्हा तुझं तोंड अगदी असंच होतं. हाक मारायची होती, आणि मारली नाहीस. मी दाराला पाठ लावूनच बसले होते रे.

फोटो तुझा आहे. कात्री तुझ्याकडे आहेच. पण कापण्याआधी एकदा बघ.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येतं. इतर कलमांना ते लागू राहील. कलम पाच मात्र मी जिवंत असतानाच अमलात आणावं. भाचीने आजच निगेटिव्ह, फोटो आणि त्या कलमाची नक्कल घेऊन दुकानात जावं. पाकीट तिने स्वतः उघडावं. तो वाचू लागला की त्याला एकटं बसू द्यावं असं तिला वाटेल. तसं करू नये. दार लावून आतच, त्याच्याजवळ बसावं.

ठिकाण: राहत्या घरी.
दिनांक: ११ मार्च, मंगळवार.

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. (सही) डॉक्टर, पहिला मजला
२. (सही) शेजारीण, ग्रंथपाल, समोरचं दार

लिहून ठेवणार:
(सही) टेलरची धाकटी बहीण