पित्ताला सात भांडी

धाकटे आल्वा,

थोरलीचा आशीर्वाद घे. इकडे सगळे ठीक आहे. सुट्टी संपून कॉलेजची पोरं परत आली, गावात पुन्हा गोंगाट. तुझ्या कोंबड्या अंडी घालतात का?

आमचा लोवेल दवाखान्यात तपासून आला. "काही नाही गं आई, पित्त आहे," म्हणाला आणि कॉलेजचं गवत कापायला गेला. मीही खरं मानलं.

पण सोमवारपासून पायरीवर शेजारणींची जेवणाची भांडी येताहेत. बटाटा-खिमा, नूडल्स-चिकन, आणि बुडाला जिच्या तिच्या नावाची पट्टी. माझा पाय मोडला तेव्हा दोन आली होती. तुझे दाजी गेले तेव्हा अकरा. मग पित्ताला सात?

समोरच्या मार्व्हेलला अडवून विचारलं, "कोण मेलंय आमच्याकडे?" तर म्हणते, "अगं आर्डिस, जास्तीचं झालं होतं म्हणून आणलं." सात घरी एकदम जास्तीचं होतं होय? तिची सून त्याच दवाखान्यात नर्स आहे.

लोवेल लहानपणापासून तुझ्यापाशीच बोलतो. त्याने तुला खरं सांगितलं असेल तर लगेच कळव. गोड करून, लांबवून लिहू नकोस. मला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं.

थांब, दार वाजतंय. खिडकीतून बघितलं. प्राचार्यांची बायको आहे, हातात झाकलेलं भांडं. माळ्याच्या घराची पायरी ती बाई आजवर कधी चढली नव्हती.

मी दार उघडणार नाही.

तुझी बहीण,
आर्डिस