सुनेचा संगणक का अडत होता

वस्ताद, आपल्याला जाऊन तीस वर्षे होत आली. आज एक हकीकत सांगावयाची आहे. ती यंत्राची आहे, म्हणून आपल्यालाच सांगितली पाहिजे. घरात ती सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिच्यात काय साधले, हे धुळ्याच्या कापसाच्या जीनमध्ये आपल्या हाताखाली ज्याने इंजिन उघडले नाही त्याला पुरते कळणार नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, हे आपण जाणता. जीनमधून निवृत्त झाल्यावर मी चाळीसगावला मुलाकडे राहावयास आलो. सून बोदवडची, एम. ए. झालेली. तिने गेल्या वर्षी घरच्या पुढल्या खोलीत एक जुना संगणक आणविला. आपण असताना असले यंत्र आपल्याकडे कोणी पाहिले नव्हते. काचेचा पडदा, टाइपरायटरसारख्या कळा आणि बाजूला एक लोखंडी पेटी, एवढेच ते दिसते. त्यावर ती लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका मराठीत जुळवून देते.

उन्हाळ्यानंतर तिला पहिले मोठे काम मिळाले. मुलींच्या शाळेची स्मरणिका, ऐंशी पाने. मुख्याध्यापिकाबाईंनी तीन आठवड्यांची मुदत दिली, आणि नेमके त्याच आठवड्यात यंत्र अडू लागले. टाइप करता करता पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे, एकही कळ चालत नसे, कधी सारा पडदा निळा होऊन त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे येत. बंद करून पुन्हा चालू करावे, तर शेवटी टाइप केलेले पान गेलेले असे. जळगावहून मेकॅनिक आला. यंत्राच्या मुळाशी जी प्रणाली असते, जिच्या आधारावर बाकीचे सर्व चालते, ती बिघडली आहे असे त्याने सांगितले, सारे पुसून ती नव्याने भरली आणि तो गेला. दोन दिवस यंत्र चालले, तिसऱ्या दिवशी अडले. तो पुन्हा आला, पुन्हा पुसले, पुन्हा भरले, पुन्हा अडले. मुदतीचा एक आठवडा यातच गेला. मुलगा जेवताना म्हणाला, "आबा, ते खोकं जळगावला परत देऊन टाकू. बाईंना सांगू, धुळ्याच्या प्रेसमध्ये छापून घ्या." सून वाढत होती. ती म्हणाली, "हे काम परत गेलं की गावात मला दुसरं कोण देईल?" माझे मन त्या पेटीकडे लागले होते.

त्या वेळी मला आठवले ते आपले जुने ऑइल इंजिन. हंगामाचे दिवस आहेत, दारापाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, आणि इंजिन तासाभराने धाप लागल्यासारखे होऊन बंद पडते आहे. आपण जेवावयास गेला आहात. मी घाईने डिझेलचा फिल्टर बदलतो, ते फवारणारे नोझलही बदलतो, आणि इंजिन चालू होते. शाबासकी मिळेल म्हणून मी हात पुसत उभा आहे. आपण आलात, पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून पुष्कळ वेळ ऐकलेत, आणि म्हणालात, "चालू व्हयनं हाई माले बी दिखस. कसामुये व्हयनं ते सांग." कारण म्हणून मी काढलेल्या दोन्ही वस्तू दाखविल्या. आपण इंजिन बंद करावयास लावलेत. जुने नोझल परत बसविले, इंजिन चालले. मग जुना फिल्टर परत बसविला, तेव्हा ते बंद पडले. गाडीवाले बाहेर शिव्या देत होते आणि आपण सर्वांदेखत मला म्हणालात, "नोझलना काय गुन्हा व्हता?" तो शब्द मला फार लागला होता. आज सांगतो, त्यानंतर मी कधीही एका वेळी दोन वस्तू बदलल्या नाहीत.

तिसऱ्यांदा मेकॅनिक आला तेव्हा मी खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि पेटीला कान लावला. तो हसला. "आबा, ह्याच्यात डिझेल नसतं." मी म्हणालो, "डिझेल नाही हे मला दिसते. धूरही नाही. तरी बंद पडते. सर्व पुसल्यावर तुम्ही परत काय काय भरता?" तो म्हणाला, "जे होतं ते सगळं." "एकदम?" "एकदमच की. एकेक भरत बसलो तर मुक्कामच करावा लागेल." मी त्याला म्हणालो, "मग बिघाडही तुम्हीच परत भरत असाल." त्याला राग आला असावा, कारण त्याने चहा अर्धा ठेवला. परंतु जाताना एक गोष्ट त्याने शिकविली: यंत्र चालू होताच काही प्रोग्राम आपोआप जागे होतात, त्यांची चिन्हे पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळापाशी दिसतात, आणि यादीतील खूण काढली की ते झोपून राहतात.

अशी आठ चिन्हे होती. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी वहीत त्यांची चित्रे काढली: कर्णा, छत्री, ढाल, असेच पुढे, सहावे भिंग, आणि आणखी दोन. सुनेला म्हणालो, "आठही झोपव." तिने खुणा काढल्या. दिवसभर तिने स्मरणिकेची पाने जुळविली, यंत्र अडले नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आणखी एकच चिन्ह जागे करावयाचे, आधीची जागीच ठेवावयाची, दिवसभर तिचे काम चालू द्यावयाचे, आणि मी शेजारी वही घेऊन बसावयाचे. "आबा, दोन दोन लावू या ना, लवकर कळेल," असे ती म्हणाली. मी म्हणालो, "नाही." ती हसून म्हणाली, "हेडमास्तर झालात." पाच दिवस गेले, पाच चिन्हे झाली. सहाव्या दिवशी भिंग जागे केले आणि तासाभरात पडदा निळा झाला. मी वहीत वेळ लिहिली. सुनेला वाईट वाटले, एक पान गेले होते. आणि मला, खरे सांगतो, इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तिने सांगितले की भिंग म्हणजे संगणकात शिरणारे विषाणू पकडणारा प्रोग्राम. स्मरणिकेचे काम मिळाले तेव्हा तिनेच तो काळजीपोटी घालून घेतला होता, आणि मेकॅनिक दर वेळी तो परत भरीत होता. मी विचारले, ढाल कसली? तीही तसलीच, आधीच्या मालकाच्या वेळेपासूनची. म्हणजे एका दारावर दोन पहारेकरी, आणि दोघे एकमेकांनाच चोर समजून धरीत होते. ती लगेच भिंग काढून टाकावयास निघाली. मी तिला थांबविले. ढाल झोपविली, भिंग एकटे जागे ठेवले: यंत्र दिवसभर चालले. भिंगही निर्दोष होते. मग मी म्हणालो, "आता दोन्ही परत लाव." "आबा, चाललंय ना? मुदतीला चारच दिवस आहेत, कशाला पुन्हा बिघडवता?" मी म्हणालो, "आधी सर्व पाने दोन फ्लॉपींवर उतरवून घे. बिघडले तर दोष माझा." तिने उतरवून घेतली, दोन्ही लावली. आम्ही दोघे पडद्याकडे पाहत बसलो. पाऊण तासाने बाण थिजला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कळलं, आबा." आपण असतात तर कदाचित काहीच बोलला नसतात, आणि तेवढे मला पुरे झाले असते.

ढाल काढली ती कायमची. स्मरणिका मुदतीच्या एक दिवस आधी गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढील वर्षाच्या प्रश्नपत्रिकांचे कामही तिलाच दिले. जळगावच्या मेकॅनिकने माझी वही मागून घेऊन चित्रांसकट उतरवून घेतली आणि भडगावला असेच एक यंत्र सुधारल्याचे निरोपाने कळविले. मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "इंजिनीयर घरात आहे आमच्या." मी अशा वेळी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे करतो, परंतु ऐकतो.

त्याला आता दीड महिना झाला. यंत्र एकदाही अडलेले नाही. तरी मी रोज सकाळी त्या खोलीत जाऊन बसतो. परवा सुनेने काम थांबवून आदराने सांगितले, "आबा, आता काही होत नाही. तुम्ही आराम करा." मी "बरे" म्हणालो आणि उठलो. वस्ताद, ते यंत्र एकदा तरी पुन्हा अडावे, असे मला मनातून वाटते. फिटरने असे मनात आणू नये, हे मला कळते. तिच्या पोटावर पाय देणारी ही इच्छा मी घरात कोणाला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. हा कागद टपालात टाकता येण्यासारखा नाही, म्हणून एवढे लिहिले.