स्लॅब थांबवणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या परवान्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
बांधकाम पर्यवेक्षक नोंदणी विभाग,
तिसरा मजला.

विषय : बांधकाम पर्यवेक्षक परवाना तिसऱ्यांदा नाकारल्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात ‘अनुभव सिद्ध होत नाही’ एवढे चारच शब्द आहेत.

महोदय,

१. मी चौदा वर्षे व्यापारी इमारतींच्या बांधकामावर आहे. माझी आई अशाच कामांवर घमेली वाहायची. मी घमेल्यापासून सुरुवात करून आराखडा वाचायला शिकले, रात्रशाळेतून पदविका घेतली आणि पर्यवेक्षिका झाले. पुढील महिन्यापासून परवान्याशिवाय कोणाही पर्यवेक्षकाला कामावर उभे राहता येणार नाही. म्हणजे ज्यांना मी लोखंड मोजायला शिकवले, ते परवाना घेऊन आत जातील आणि मी फाटकाबाहेर.

२. आपण सह्यांचा पुरावा मागता. आमच्याकडे स्लॅब भरण्यापूर्वी लोखंड आणि टेकू तपासणारा माणूस साच्याच्या फळीवर खडूने सही करतो. कामाच्या वहीत सही होते ती वरच्या साहेबांची. काँक्रीट घट्ट झाले की फळ्या उतरतात, धुतल्या जातात आणि पुढच्या मजल्यावर चढतात. माझ्या चौदा वर्षांच्या सह्या अशा पाण्यात गेल्या. त्या आता कोठून आणू, हे आपणच सांगावे.

३. वहीत माझे नाव एकदाच आहे आणि तेच माझ्या मुळावर आले आहे. त्या दिवशी स्लॅब भरायचा होता, काँक्रीटच्या नऊ गाड्या रांगेत होत्या. खालच्या स्लॅबला आठच दिवस झाले होते, तरी टेकू कमी पडले म्हणून त्याचेच काढून वर लावले होते. कोवळ्या स्लॅबवर वरचे सगळे ओझे येणार होते. खाली सतरा माणसे काम करत होती. मी पंपासमोर उभी राहिले.

साहेब म्हणाले, “बाई, गाड्यांतला माल घट्ट होतोय. बाजूला व्हा.”

मी म्हणाले, “आधी खालची माणसं बाहेर काढा, मग मला बाजूला करा.”

माणसे बाहेर आली, पण त्यांना पाहून मजूर वर चढेनात. नऊ गाड्यांचा माल वाया गेला. वहीत लिहिले गेले : ‘पर्यवेक्षिकेने काम अडवले.’ अनुभवाच्या दाखल्यावरही तेच उतरले : ‘कामात अडथळा आणण्याची सवय.’ एकदा केले तर सवय कशी, हे विचारायला गेले तर माझी बदली सामानाच्या कोठीत झाली.

४. आपल्या कारकुनांनी मला आपुलकीने सल्ला दिला, की वहीतले ते पान जोडू नका आणि ओळखीच्या एखाद्या इंजिनियरची सही आणा, लगेच काम होईल. म्हणजे खोटे बोलले तर मी अनुभवी आणि खरे बोलले तर अडथळा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला या सल्ल्याचा मनस्वी संताप आला आहे आणि तो या अर्जात लपवण्याची माझी इच्छा नाही.

५. आता जे सांगते ते आपल्या माहितीसाठी. टेकू परत लागले, खालचा स्लॅब पक्का झाला आणि तीन आठवड्यांनी वरचा भरला गेला. त्या इमारतीत पुढे एक सरकारी कार्यालय आले. ते आपले. आपली खुर्ची ज्यावर आहे, तोच तो मी थांबवलेला स्लॅब. माझे तीनही अर्ज आपण त्यावरच बसून फेटाळले आहेत.

६. तरी विनंती, की मला परवाना द्यावा. देता येत नसल्यास, ‘त्या दिवशी काम थांबवायला नको होते’ एवढे एक वाक्य आपण स्वहस्ते लिहून, सही-शिक्क्यासह मला द्यावे. मी ते घेऊन जाईन आणि पुन्हा अर्ज करणार नाही. सोमवारी दहा वाजता मी आपल्या दारात उभी असेन.

आजवर नम्र राहिलेली,
(सही, शाईने)
अर्जदार पर्यवेक्षिका

दिनांक : अर्ज परत आल्याचा दुसरा दिवस

सोबत :
१) वहीतील त्या पानाची छायाप्रत.
२) अनुभवाचा दाखला, आहे तसा.
३) त्या दिवशी खाली असलेल्या सतरा जणांच्या सह्या व अंगठे.
४) एक कोरा कागद, आपल्या वाक्यासाठी.