भिगवणहून आलेला प्रश्न

हेलसिंकी

प्रिय आई,

नमस्कार. मी हितं मजेत हाय. तुझा गुडघा कसा हाय?

आता आमच्या ग्रंथालयात फारसं कुणी येत न्हाय. जगभरातले प्रश्न कॉम्प्युटरवर येतात, मी माहिती शोधून उत्तरं पाठवते. दिवसभर तोंड उघडावं लागत न्हाय.

काल भिगवणच्या छबूबाई मोबाइलवर शोधता शोधता आमच्यापर्यंत पोचल्या. त्या मासे विकतात. माशांच्या अंगावर फोड का येतात, असं त्यांनी मराठीत विचारलं. मी सविस्तर कळवलं. त्यांनी लिहिलं, "हे मशीन बोलतंय का माणूस?"

"माणूसच. मी तुमच्याच तालुक्यातल्या अंथुर्ण्याची विजयमाला."

"मग जेवलीस का, पोरी?"

वाचून मला रडू फुटलं. डोळे पुसून मी खोटंच लिहिलं, "व्हय, जेवले."

आबांना एवढं वाचून दाखवू नकोस.

तुझीच,
विजयमाला