मिस्त्रीची देणगी

४ डिसेंबर

चि. मिस्त्रीबुवांस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र नाही ते नाही, बोटं तरी शाबूत आहेत ना, की करवतीने नेली?

आपला बारक्या व्यसनमुक्ती घरात टिकून आहे. मी तिथल्या चादरी शिवायला जाते, तेव्हा दिसतो. प्रार्थनेला बसतो, भांडी घासतो, माझी चेष्टाही करतो. वाळलाय मात्र फार. चर्चचे पाळकसाहेब वर्षअखेरीला मंडळीकडून देणगी मागतात, त्यावरच घर पुढचं वर्षभर चालतं. यंदा माणसं वाढली आणि खाटा कमी पडल्या. काही जण जमिनीवरच झोपतात. तुझे पैसे नकोत, खाटा दे. हे बारक्यानेच सुचवलंय. म्हणाला, दादाच्या हातची खाट कुरकुरत नाही.

लोभ आहेच, तो अधूनमधून पोस्टानेही येऊ दे.

तुझी ताई

९ डिसेंबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि. दहाही बोटं जागेवर आहेत.

खाटांचं मात्र विसर. ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा मी स्वतः नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा शपथेवर विश्वास ठेवला, तर माझे रंधे नि पटाश्या विकून बाटली आणली पठ्ठ्याने. पाळकसाहेब देवमाणूस असतील, पण माझं लाकूड फुकट गेलेलं मला बघवत नाही. वर्षभर न पिता काढून दाखवू दे, मग हव्या तितक्या खाटा देतो.

राग धरू नकोस. मुलांचा सलाम.

तुझा भाऊ

२२ डिसेंबर

चि. भावास आशीर्वाद.

बारक्याला माती दिली आणि तू कुणाशी न बोलता थेट बसस्टँड गाठलंस. मीही अडवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच गेलं होतं, यायलाच उशीर झाला. तू विचारलं नाहीस तरी सांगते, या खेपेला त्याने थेंबही घेतला नव्हता. शेवटी मी त्याचा मुका घेतला, तर तोंडाला वास नव्हता. किती वर्षांनी! मला इतका आनंद झाला की ते त्यालाच सांगायला मी तोंड उघडलं.

खाटांचं मी आता काही मागत नाही. वेळेवर जेवत जा.

ताई

३० डिसेंबर

ती. ताईस सलाम.

बारक्याची पेटी मोठी झाली. तू पाहिलंस, पण बोलली नाहीस. तुझा फोन आला तसा मी उभ्या उभ्या लाकूड कापायला घेतलं. डोळ्यांपुढे होता तो दारात उभा राहिला की चौकट भरून टाकणारा बारक्या. त्याच मापाने केली. मग दोन्ही बाजूंनी तुला चादरी कोंबाव्या लागल्या. इतक्या वर्षांत माझं माप कधी चुकलं नव्हतं गं.

उद्याच्या टेम्पोने सहा खाटा पाठवतोय. पाळकसाहेबांना सांग, वर्षअखेरची देणगी समजा, पण खाटांवर त्याचं नाव घालू नका. गेलेल्या माणसाच्या नावावर नव्या माणसाला झोप लागायची नाही.

एक सवय अजून सुटत नाही. कारखान्याचं दार वाजलं की मी पैशांचं पाकीट खणात लपवतो. काल वाऱ्याने दार वाजलं आणि मी लपवलं. मग काढून उघड्यावर ठेवलं, आणि दाराकडे बघत बसलो.

लोभ कमी करू नकोस. आता तो आपल्या दोघांतच वाटायचा आहे.

तुझा भाऊ